ओळखीचा राग की अनवट राग? मैफलीचा कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी

आठ-नऊ वर्षांपूर्वीची आमच्या मंडळाची एक बैठक. गायिका जयपूर-अत्रौली घराण्याच्या तालमीतल्या, आवाज छान लागलेला, तानपुरे सुरेख जुळलेले. त्यांनी कोमल गांधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद असे सूर मांडायला घेतले आणि माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी समाधानानं मान डोलावली. "मालकंस," ते हळूच म्हणाले. पुढच्या आवर्तनात स्वच्छ पंचम आला. मांडीवर ताल धरलेला काकांचा हात थांबला. मग रिषभ आला. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बाईंचं काही चुकतंय की आपलं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यानंतरची वीस मिनिटं ते गाणं ऐकत नव्हते, कोडं सोडवत होते.

राग होता संपूर्ण मालकंस. त्यात चूक गायिकेची नव्हती आणि काकांचीही नव्हती. आयोजक म्हणून दोन वाक्यं आधी बोलणं माझं काम होतं, ते राहून गेलं होतं.

दर महिन्याला एक बैठक भरवायची, ऐंशी-शंभर माणसं गोळा करायची, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. ओळखीचं किती ठेवायचं आणि अनवट, म्हणजे क्वचित ऐकू येणारं, किती, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्यानं समोर येतो. मला आता एवढं पटलं आहे की श्रोता नव्या रागाला घाबरत नाही. हाताला धरायला काही सापडलं नाही, की त्याचा हात सुटतो. त्याच्या हाताला काय द्यायचं हे कार्यक्रम आखतानाच ठरवावं लागतं, आणि ते कसं ठरवायचं ते मी माझ्या पद्धतीनं इथं सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अनवट राग म्हणजे वरच्या दर्जाचं गाणं आणि यमन-भूप म्हणजे लोकानुनय, असं मानणारे आयोजक मला भेटतात. भीमसेन जोशींनी पूरिया, मारवा, शुद्ध कल्याण, दरबारी, मालकंस, मुलतानी असे मोजके राग आयुष्यभर पुन्हा पुन्हा गायले आणि लोक ते पुन्हा पुन्हा ऐकायला आले. मल्लिकार्जुन मन्सूर शिवमत भैरव, शुक्ल बिलावल, बहादुरी तोडी, एक निषाद बिहागडा असे राग सहज काढून बसत आणि त्यांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं. भीमसेनांच्या किराणा घराण्याची वाट एकाच रागात खोल उतरण्याची आहे. अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापुरात राहून वाढवलेली मन्सूरांच्या जयपूर घराण्याची वाट रागांच्या सांध्यांमधून वळणं घेत जाण्याची आहे. महाराष्ट्रानं या दोन्ही वाटा मनापासून ऐकल्या आहेत. तेव्हा निवड करताना कोणता राग मोठा हे बघू नका. आज, या माणसांसमोर, या कलाकाराकडून, या वेळेला काय रंगेल ते बघा.

पहिली पायरी: वही घाला

आमच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. दर बैठकीनंतर त्याच रात्री त्यात लिहायचं: तारीख, कलाकार, राग, बंदिशीची पहिली ओळ, ताल, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. लोक कधी उठले, कुठे दाद आली, मध्यंतरात काय बोलत होते, हे तिथं लिहायचं.

दोन-तीन वर्षांची पानं उलटली की तुमच्या मंडळापुरतं ओळखीचं काय आणि अनवट काय, ते स्पष्ट दिसतं. ग्रंथात प्रचलित म्हणून नोंदलेला राग तुमच्या श्रोत्यांनी कधीच ऐकलेला नसतो, असंही आढळतं. आमच्या वहीत मारुबिहाग आणि बागेश्रीची रांग लागली होती आणि श्री राग एकदाही नव्हता. तोडीही नव्हती, कारण तोडी सकाळची आणि आमची प्रत्येक बैठक संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची. मियाँकी तोडीसारखा राग ज्या श्रोत्यांनी समोर बसून कधी ऐकलेलाच नाही, त्यांच्यासाठी तो खोकर किंवा रायसा कानड्याइतकाच नवा असतो. हे मला वहीनं दाखवलं. अंदाजानं मी उलटंच समजत होतो.

दुसरी पायरी: घड्याळ हलवून बघा

नवीन काही ऐकवायचं आहे पण धोका पत्करायचा नाही, अशा मंडळानं सर्वांत आधी बैठकीची वेळ बदलावी.

आपल्याकडे रागांना प्रहर आहेत आणि मैफली मात्र एकाच प्रहरात अडकल्या आहेत. पुण्यात 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. दरबारी, मालकंस, मग पहाटेचा ललित, शेवटी भैरवी, असा सगळा प्रवास श्रोता एका बैठकीत करायचा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले आणि उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद झाले. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देता येते, बाकी काळ नाही. त्यामुळे मंडपातल्या महोत्सवांतून उत्तररात्रीचे राग मागे पडले आणि मुलतानी, पटदीप, मधुवंती, पूरिया धनाश्री हे दुपार-संध्याकाळचे राग पुढे आले. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, पण सभागृहाचं भाडं आणि शेवटची बस या दोन गोष्टी तिथंही साडेनऊला बैठक संपवतात.

यावर उपाय साधा आहे. वर्षातल्या बारा बैठकांपैकी दोन रविवारी सकाळी सातला ठेवा. ललित किंवा भटियार, मग तोडी, मग देसकार किंवा जौनपुरी. एक बैठक दुपारी अकराची ठेवा आणि शुद्ध सारंग ऐका. यातला एकही राग कलाकाराला अवघड नाही, प्रत्येकाच्या तालमीतला आहे, आणि तुमच्या श्रोत्याला मात्र नवं दालन उघडल्यासारखं वाटतं. दिवाळी पहाटला माणसं पाच वाजता आंघोळी करून येतात आणि उत्साहानं बसतात. मग एरवी सकाळी कोण येणार, ही आयोजकांची भीती मला पटत नाही. चहा-पोह्यांची सोय करा, माणसं येतात.

तिसरी पायरी: कलाकाराशी बोलणं

फोनवर तारीख आणि मानधन ठरलं की बहुतेक आयोजक थांबतात. पुढचं पाच मिनिटांचं बोलणं कार्यक्रम घडवतं. मी असं विचारतो: "बुवा, सध्या रियाजात काय घोळतंय?" उत्तर देताना आवाज कुठे खुलतो तिकडे कान ठेवायचा. जो राग गेले दोन महिने गळ्यात फिरतो आहे, तो प्रचलित असो की अनवट, तोच रंगण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग वहीतली माहिती नम्रपणे पुढे करायची. "आमच्याकडे वर्षभरात मारुबिहाग दोनदा झाला, श्री मात्र आमच्या लोकांनी ऐकलेला नाही," एवढंच सांगायचं. राग ठरवायचा हक्क कलाकाराचा आहे. आपण फक्त आपल्या घरची परिस्थिती सांगायची.

अनवट रागाची फर्माईश मात्र करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. एकदा मी एका गायकांना ध्वनिमुद्रणात ऐकलेल्या एका जोडरागाचा आग्रह केला. त्यांनी भिडेपोटी हो म्हटलं. त्या रात्री ते पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार सुरावटींवर येत होते, नव्या जागेत पाऊल टाकताना अडखळत होते. पुढे त्यांनीच यमन सुरू केला तेव्हा माणूस आपल्या घरात आल्यासारखा वावरला. यमनात वाट चुकायला जागा नसते. जोडरागात मात्र दोन रागांचा सांधा कुठे वळवायचा हे गळ्यात मुरलेलं नसेल तर एक तर पहिलाच राग उरतो किंवा दोन्ही निसटतात. तो ताण श्रोत्यांना नाव न कळताही जाणवतो.

चौथी पायरी: एका वेळी एकच गोष्ट नवी

माझ्या मते सगळ्या आखणीचा गाभा इथं आहे.

आपण ओळखीचं-अनोळखी हा भेद फक्त रागाच्या नावावर करतो. पण गाण्याला थर असतात. राग, बंदिश, ताल, रचनेचा प्रकार आणि समोर बसलेला कलाकार. यातला एखादा थर नवा असला तर श्रोत्याचा बाकीच्या चारांवर पाय टेकलेला असतो. तीन थर एकदम नवे झाले की पाण्याचा तळ लागत नाही. पहिल्यांदाच आलेला तरुण गायक, अनवट राग, आडा चौताल आणि कुणी न ऐकलेली बंदिश, हे एकत्र आलं की जाणकारही दमतो. तोच तरुण गायक भूप गात असेल तर लोक त्याचा आवाज, त्याची तान, त्याचा स्वभाव ऐकायला मोकळे असतात. उलट तुमच्याकडे चार वेळा येऊन गेलेली, लोकांनी आपली मानलेली गायिका असेल तर तिच्याकडून सावनी नटही लोक विश्वासानं ऐकतात.

म्हणून अनवट राग ओळखीच्या गळ्याला द्या आणि नव्या गळ्याला ओळखीचा राग. यात अपवाद असतात, पण आखणीची सुरुवात इथून करा.

बंदिशीचा थर आयोजकांकडून दुर्लक्षित राहतो, आणि नेमका तोच सर्वांत फळ देणारा आहे. यमन पन्नासदा ऐकलेल्या माणसाला यमनच, पण झपतालातली कधी न ऐकलेली बंदिश मिळाली, तर त्याला राग पुन्हा पहिल्यापासून दिसतो. झपतालाच्या दहा मात्रांत मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कसा बसला आहे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर आली आहे, याकडे कान जातो. कुमार गंधर्वांनी नवे राग बांधले तसे जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या रागांतही विपुल बंदिशी बांधल्या. त्या ऐकताना राग परका वाटत नाही, पण नजर नवी मिळते. याच्या उलटही चालतं. राग नवा असेल तर ताल त्रितालच राहू दे, लय मध्य राहू दे, म्हणजे समेवर येताना सगळ्यांचा हात एकत्र पडतो. समेवर हात पडला की श्रोता गाण्यात आहे.

प्रकाराचा थरही विसरू नका. चाळीस मिनिटांच्या ख्यालानंतर त्याच रागातला तराणा, किंवा एखादा टप्पा, हेही नवंच आहे. त्यासाठी रागांची यादी वाढवावी लागत नाही.

पाचवी पायरी: ओळखीचा शेजारी शोधा

प्रत्येक अनवट रागाला एखादा ओळखीचा शेजारी असतो. निवड करताना मी आधी तो शोधतो. संपूर्ण मालकंसचा शेजारी मालकंस. बिहागड्याचा शेजारी बिहाग. बसंती केदाराची दोन्ही माहेरं नावातच आहेत. यमनी बिलावल, नट कामोद, बसंत बहार, सगळ्यांचं तसंच. श्रोत्यांना शेजारी पक्का माहीत असेल तर नवा राग द्यायला हरकत नाही. शेजारीही अनोळखी असेल तर या वर्षी आधी तो शेजारी ऐकवा आणि पाहुणा पुढच्या वर्षी बोलवा.

काही जोड्यांत तर एकही नवा स्वर लागत नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गांधारावर वस्ती, चाल शांत, वेळ रात्रीची. देसकारात धैवत धरून वरच्या अंगानं फिरणं, वेळ सकाळची. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर सारखेच. मारव्यात रिषभ-धैवत, पूरियात गांधार-निषाद, आणि सोहनी तार षड्जाभोवती चमकत राहते. ज्यांनी मारवा ऐकला आहे त्यांना सोहनी देणं म्हणजे तेच घर दुसऱ्या खिडकीतून दाखवणं आहे.

एक काळजी घ्या. शेजारी राग एकाच बैठकीत लागोपाठ ठेवू नका. मालकंस संपवून लगेच संपूर्ण मालकंस घेतला तर मालकंसाची छाया कानातून जात नाही आणि दुसरा राग भेसळ वाटतो. शेजारी मागच्या महिन्यात होऊन गेलेला असावा आणि आजच्या बैठकीत अलीकडे-पलीकडे वेगळ्या अंगाचे राग असावेत.

रागाची ओळख नेहमी रागाच्या नावानंच असते असंही नाही. मराठी श्रोत्याच्या कानात नाट्यपदांमुळे कितीतरी राग आधीच बसलेले असतात. 'नाथ हा माझा' ज्याला पाठ आहे त्याला यमन ठाऊक आहे. 'मृगनयना रसिक मोहिनी' म्हणणाऱ्याला दरबारी ठाऊक आहे. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद'ची एक चाल सालगवराळीत बांधली. कर्नाटक संगीतातून आलेला हा राग, नाव ऐकून माणसं बिचकतात, आणि सूर ऐकले की गुणगुणू लागतात. कलाकाराच्या यादीतला एखादा राग अवघड वाटला तर त्यातलं पद, अभंग किंवा भावगीत आहे का ते आधी शोधा. निम्मं काम तिथं होतं.

सहावी पायरी: क्रम आणि मिनिटं

अडीच तासांची, एकाच कलाकाराची संध्याकाळची बैठक धरू. मी सुचवतो तो क्रम असा. आधी ओळखीचा मोठा राग, पन्नास मिनिटांच्या आसपास. यात गळा तापतो, माणसं स्थिरावतात, उशिरा आलेले जागा शोधून बसतात. दुसरा अनवट, पंचवीस ते तीस मिनिटं. मग मध्यंतर. नंतर पुन्हा ओळखीचा, थोडा चंचल प्रकृतीचा, वीसेक मिनिटं. मग पद, अभंग, ठुमरी, आणि भैरवी.

अनवट रागाला मी दुसरी जागा देतो त्याला कारण आहे. पहिल्या रागात कान स्वच्छ झालेले असतात, पण अजून थकलेले नसतात. मध्यंतरानंतर लोकांचं लक्ष चहा, घड्याळ आणि भैरवी यांत वाटलं जातं. अनवट राग मध्यंतराच्या आधी झाला की मध्यंतरात माणसं त्याबद्दल बोलतात, एकमेकांना विचारतात, कुणीतरी गुणगुणून दाखवतं. ते बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

जयपूरच्या गायकांना हा क्रम नेहमी सोयीचा नसतो. त्यांची मांडणीच घट्ट, तालाच्या अंगानं जाणारी, आणि कित्येकांना पहिल्या रागातच आपला ठेवणीतला राग काढायची सवय असते. अशा वेळी मी आडवा येत नाही. फक्त तिथं ओळख करून देणं जास्त नेटकं करतो.

मिनिटांच्या बाबतीत सरसकट न्याय लावू नका. मालकंस, दरबारी, पूरिया यांना तास पुरत नाही. वक्र चालीच्या जोडरागांत संथ आलापीला तेवढी मोकळी जागा नसते. त्यांचं सौंदर्य वळणांत आहे आणि वळणं ठरावीक आहेत. पंचवीस मिनिटांत ते भरगच्च लागतात, पन्नास मिनिटांत तीच वळणं परत येऊ लागतात. कलाकाराला "अमुक राग तासभर गा" असं सांगण्यापेक्षा "या रागाला तुम्हांला किती वेळ लागेल?" असं विचारा आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती बसवा.

सातवी पायरी: तानपुरा आणि साथीदार

कागदावर सुंदर दिसणारा क्रम मंचावर का मोडतो, याचं उत्तर बऱ्याचदा तानपुऱ्याच्या पहिल्या तारेत असतं. यमनाला ती तार पंचमात. मालकंसाला मध्यमात. मारवा-पूरियाला पंचमच नाही, तिथं बहुधा शुद्ध निषाद. म्हणजे पूरिया, मग यमन, मग मालकंस असा क्रम ठेवला तर दोनदा तार बदलावी लागते. नुसती खुंटी फिरवून भागत नाही. मणी सरकवायचा, जवारीचा दोरा पुन्हा जागेवर आणायचा, मग दोन्ही तानपुरे एकमेकांशी जुळवायचे. शांत खोलीत पाच मिनिटं, दिव्यांच्या उष्णतेत आणि शंभर माणसांसमोर दहा. त्या दहा मिनिटांत अनवट रागासाठी तयार झालेलं मन विस्कटतं.

यावर दोन उपाय आहेत. सलगचे दोन राग एकाच जुळणीचे निवडा, किंवा तार बदलण्याची वेळ मध्यंतरात येईल असा क्रम करा. जुळणीही कलाकारालाच विचारा. संपूर्ण मालकंसात पंचम आहे म्हणून तार पंचमात हवी असं गृहीत धरू नका, गायक मध्यमही मागू शकतो.

पेटी आणि तबल्याच्या साथीदारांना अनवट रागाचं नाव, बंदिश आणि ताल आठवडाभर आधी कळवा. मी कलाकाराच्या परवानगीनं मुखडा फोनवर ध्वनिमुद्रित करून दोघांना पाठवतो. पेटीवाल्याला वर्ज्य स्वर आणि वक्र जागा माहीत नसतील तर तो बिचारा मागे मागे चाचपडत राहतो आणि गायक त्याच्यासाठी थांबत राहतो. तबलजीलाही झुमरा, तिलवाडा की आडा चौताल हे आधी कळलेलं बरं. गावातल्या होतकरू साथीदारांना मी मुद्दाम अशा बैठकीला आदल्या दिवशी कलाकारांकडे नेतो. त्यांच्यासाठी ती तालीमच असते.

आठवी पायरी: दोन वाक्यं, आणि शक्यतो गाऊन

थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह, रागाचा इतिहास, गायकाच्या गुरूंची नावं, असं सात मिनिटांचं निवेदन ऐकून कुणाचे कान उघडत नाहीत. श्रोत्याला एकच गोष्ट सांगा: कुठे कान द्यायचा.

काकांच्या त्या प्रसंगानंतर दीड वर्षानं दुसऱ्या एका गायिकेनं आमच्याकडे संपूर्ण मालकंस गायला. त्या वेळी मी त्यांना आधी विचारलं आणि मग म्हणालो: "मालकंस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात रिषभ आणि पंचम नसतात. आज ते दोन्ही येणार आहेत, ते कसे येतात तेवढं ऐका." मग त्यांच्या शिष्येनं तानपुऱ्यावर आधी मालकंसाची एक सुरावट गायली, मग तीच रिषभ-पंचमासह. पुरतं एक मिनिटही लागलं नाही. पंचम आला तेव्हा काकांनी "वा!" म्हटलं, आणि सभागृहात ते एकटे नव्हते.

गाऊन दाखवणं महत्त्वाचं, कारण समोरच्या अर्ध्या लोकांना 'कोमल गांधार' हा शब्द माहीत असतो पण तो सूर ओळखता येत नाही. कलाकाराला ही ओळख नको असेल, राग स्वतःच उलगडू द्यायचा असेल, तर आग्रह धरू नका. दाराशी फळ्यावर रागाचं नाव आणि बंदिशीची पहिली ओळ लिहा. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. बंदिशीचे शब्द कळले तर श्रोत्याच्या हाताला आणखी एक आधार मिळतो.

नववी पायरी: ऋतू धरून बैठक

अनवट राग एकेकटा ठेवायचा नसेल तर त्याला सूत्रात गुंफा. कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' अशा ऋतूंच्या मैफली केल्या. एका सूत्रात आल्यामुळे लोकगीतापासून ख्यालापर्यंत सगळं श्रोत्याला आपलं वाटलं.

आषाढ-श्रावणात मल्हारांची बैठक कोणत्याही मंडळाला जमेल. पण मल्हारांची नावं भराभर जमवून यादी करू नका. वेगळेपणाची खूण न धरता तीन मल्हार एकामागून एक ऐकले की ते एकमेकांत मिसळतात. मी गांधार धरून निवड करतो. मेघात गांधारच नाही. मियाँ मल्हारात कोमल गांधार, आंदोलन घेत येणारा. गौड मल्हारात शुद्ध गांधार, उजळ. मेघानं सुरुवात करा, मग मियाँ मल्हार सावकाश, मग गौड मल्हार मध्य लयीत. एकाच सुराच्या तीन अवस्था ऐकल्यावर श्रोत्याला मल्हार हे कुटुंब म्हणून दिसू लागतं. मग पुढच्या पावसाळ्यात रामदासी किंवा नट मल्हार आला तर त्याला बसायला घर असतं.

कानडा रागांचं असंच करता येतं, बहारच्या जोडरागांचंही. पण वर्षात अशी एकच बैठक ठेवा. दर महिन्याला सूत्र लावलं तर कलाकाराला मोकळीक राहत नाही.

दहावी पायरी: परत ऐकवा

अनवट राग एकदा ऐकवून झाला की आयोजकाला काम झाल्यासारखं वाटतं. खरं तर ते तिथं सुरू होतं. आज ओळखीचे वाटणारे कितीतरी राग एकेकाळी मैफलीत पाहुणे होते. हंसध्वनी कर्नाटक संगीतातला. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो हिंदुस्थानी मैफलीत रुजवला आणि 'लागी लगन पती सखी संग' आज गाणं शिकणाऱ्या मुलांनाही पाठ असते. जोगकंस कोल्हापूरच्या जगन्नाथबुवा पुरोहितांनी, म्हणजे 'गुणिदासां'नी बांधला. त्यांच्या शिष्यांनी तो गात ठेवला, इतरांनी उचलला, आणि आता जोगकंस सुरू झाला की कुणी एकमेकांकडे पाहत नाही. हे राग पुन्हा पुन्हा गायले गेले म्हणून आपले झाले.

म्हणून ज्या अनवट रागाला लोकांनी कान दिला, तो वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या कलाकाराकडून, शक्यतो दुसऱ्या घराण्याकडून, पुन्हा ऐकवा. मधल्या काळात व्हॉट्सॲपच्या गटावर त्या रागाचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण पाठवा. एकच पाठवा, दहा पाठवली तर कुणी उघडत नाही. मंडळात शिकणारी मुलं असतील तर त्यांच्या गुरूंना सांगून त्यातली एखादी छोटी बंदिश शिकवायला लावा. घरात मूल म्हणू लागलं की आई-वडिलांच्या कानावर तो राग रोज पडतो.

जो राग पडला, त्याचंही पान फाडू नका. का पडला ते लिहा. वेळ चुकली होती, साथ तयार नव्हती, की तीन गोष्टी एकदम नव्या होत्या? आमच्या वहीत श्री या सूर्यास्ताच्या रागापुढे दोन वर्षांपूर्वीची नोंद आहे: "सव्वाआठला सुरू, उशीर झाला, सूर्यास्त कधीच होऊन गेला होता, गायक अस्वस्थ." त्याखाली मी लाल पेनानं लिहून ठेवलं आहे: "मार्गशीर्षात, साडेपाचला, मध्यंतराशिवाय." यंदाच्या मार्गशीर्षातला रविवार मी त्यासाठी राखून ठेवला आहे आणि सभागृहाची वेळ संध्याकाळी पाचपासून घेतली आहे.